नोव्हेंबर ते जून : मिशनच्या शाळेत पहिलीचा प्रवेश

या महिन्यात आमच्या गल्लीतल्या तिघीजणींनी मला गाठून एकच विचारलं. एकीनं नळावर, एकीनं रेशनच्या रांगेत, आणि तिसरी ब्लाऊज टाकायला म्हणून आली ती ब्लाऊजचं माप द्यायचं विसरून बसली. "कॉन्व्हेंटला कसं घातलंस गं ईश्वरीला? किती भरलंस?" तिघींना सगळं सांगून झालं. पण जानेवारीत पुन्हा फॉर्म निघतील, चौथी-पाचवी येणारच. म्हणून एकदाच लिहून काढते.

मी बारावी झालेली, घरी शिलाई करते. ब्लाऊज, फॉल-पिको, सणाच्या तोंडावर परकर-पोलकी. नवरा शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत आहे, ठेकेदाराकडे. राहायला सुतारवाड्यात. कोल्हापूरकरांना हा पत्ता समजावून सांगावा लागत नाही, पुराची पहिली बातमी दरवर्षी आमचीच असते. पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकायला लागली की आमची बोचकी बांधून तयार, आणि मुक्काम चित्रदुर्ग मठात. हे सांगायचं कारण, पुढच्या निम्म्या कटकटी या पाण्यातूनच निघाल्या.

शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. फीची सवलत मिळालेल्या पोराची शाळा कळली की पोर कळतं.

माझी मुलगी ईश्वरी अंगणवाडीत जायची. पुढं महापालिकेच्या शाळेत घालायचं असं जवळपास ठरलेलं. त्या शाळांना मी नावं ठेवणार नाही, मी तिथंच शिकले. पण २०२४ च्या दिवाळीत एक बाई चनिया-चोळी शिवायला आली. ती आणि तिची सासू कागद-काच-पत्रा गोळा करतात. सोबत तिचा मुलगा, तिसरीतला. तो माझ्या मशिनवर लिहिलेली इंग्रजी अक्षरं खडाखडा वाचत बसला. कुठल्या शाळेत म्हणून विचारलं तर म्हणाला, "सिस्टरच्या." मला वाटलं होतं कॉन्व्हेंट म्हणजे डॉक्टर-वकिलांच्या पोरांचं. तो म्हणाला, आमच्या वर्गात वस्तीतली पोरं लई हाईत.

त्या रात्री नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "चौकशीला काय पैसे पडत्यात?"

पैसे नाही पडले, पण पहिला हेलपाटा फुकट गेला. सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणतो. त्या म्हणाल्या, मिशनची शाळा मला माहीत आहे, आणि मला भलत्याच शाळेत पाठवलं. कोल्हापुरात जुनी माणसं 'मिशन' म्हणतात ते अमेरिकन मिशन. वायल्डर नावाचे पाद्री १८५२ साली इथं आले, त्यांच्या मागून शाळा आणि दवाखाने आले. ते प्रोटेस्टंट. मला हवी होती ती कॅथॉलिकांची, फादर आणि सिस्टर असतात ती. हे सिंधुदुर्ग धर्मप्रांतात येतात. दोघांचा एकमेकांशी कारभाराचा संबंध नाही. हे मला त्या पहिल्या शाळेतल्या शिपाईमामांनी समजावलं, आणि वर पाणी पण दिलं.

मग ३ डिसेंबरला, मंगळवारी, बरोबर शाळेत गेले. तर तिथं सणाचं वातावरण. त्या दिवशी संत फ्रान्सिस झेवियरचा सण असतो, हे मला काय माहीत! मुख्याध्यापिका सिस्टर गोव्याला गेलेल्या. तिथं या संतांच्या पवित्र अवशेषांचं दर्शन दहा वर्षांतून एकदा ठेवतात आणि ते नेमकं त्याच महिन्यात होतं. ऑफिसातल्या मॅडमनी मात्र बसवून घेतलं. मी अगदी ऐटीत म्हटलं, "पंचवीस टक्क्यांतून पाहिजे." आरटीई म्हणजे शिक्षण हक्काचा कायदा, त्यात खासगी शाळांत पंचवीस टक्के जागा गरिबांच्या पोरांना फुकट असतात, हे मी मोबाईलवर वाचून गेले होते.

त्या म्हणाल्या, आमच्याकडं पंचवीस टक्के नसतात. मला वाटलं, टाळतायत. पण तसं नव्हतं. अल्पसंख्याकांच्या शाळांना राज्यघटनेच्या कलम ३० नं आपला कारभार आपण बघायचा हक्क दिलेला आहे, आणि २०१४ साली सुप्रीम कोर्टानं सांगून टाकलं की आरटीई कायदा अशा शाळांना लागू नाही. म्हणजे आरटीईच्या ऑनलाईन यादीत मिशनच्या शाळा शोधत बसू नका, त्या तिथं दिसणारच नाहीत. दोन रात्री मी त्या यादीत शाळा शोधली होती आणि नेटपॅकला शिव्या घातल्या होत्या.

"मग गरिबांनी काय करायचं?" मी विचारलं. आवाज थोडा चढला असावा.

"सरळ फॉर्म भरायचा. आणि फी सवलतीचा अर्ज वेगळा, सिस्टरांच्या नावानं."

असा काही अर्ज असतो, हे कुठं लिहिलेलं नाही. भिंतीवर नाही, फॉर्मवर नाही. विचारलं तरच कळतं. माझ्या मते हा सगळ्या प्रवेशातला सगळ्यात महत्त्वाचा कागद, आणि तो आपण स्वतः कोऱ्या पानावर लिहायचा असतो.

मॅडमनी पाठकोऱ्या कागदावर यादी लिहून दिली. जन्मदाखला, मुलीचं आणि दोघांचं आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, लसीकरणाचं कार्ड, चार फोटो. फॉर्म ६ जानेवारीपासून मिळणार, ३१ जानेवारीपर्यंत परत द्यायचा.

आता जन्मदाखला. ईश्वरी जून २०१९ ची. पहिलं बाळंतपण म्हणून मी माहेरी गेले होते. शेवटच्या दिवसांत बीपी वाढलं, तिथून सीपीआरला, म्हणजे कोल्हापुरातल्या सरकारी दवाखान्यात पाठवलं. दवाखान्यात कागद भरला माझ्या भावानं. घाबरलेल्या पोरानं आईच्या नावापुढं माहेरचं आडनाव लावलं, पत्ता माहेरचा टाकला. बाळाच्या नावाची जागा रिकामी, कारण बारसं व्हायचं होतं. बारसं झालं, मी सासरी आले, दाखला पत्र्याच्या पेटीत ठेवला. ऑगस्टात पूर आला. पाणी उतरल्यावर पेटी उघडली तर आत कागदांचा लगदा. २०२१ ला पाणी त्याहून वर चढलं, पण तेव्हा पेटीत भिजण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

नोंदणीच्या खिडकीवर तारीख आणि दवाखाना सांगितल्यावर नोंद सापडली. तेवढ्यानंच मला रडू आलं. कारकून घाबरले, म्हणाले, "अवो ताई, सापडलीया की!" त्यांनी सांगितलेलं इथं देते, कारण आमच्या भागात हे निम्म्या घरांत आहे. नोंद असेल पण बाळाचं नाव नसेल, तर नाव नंतर घालता येतं. नोंदणीपासून पंधरा वर्षांपर्यंत चालतं, वर्ष उलटल्यावर थोडी लेट फी असते. दोघांच्या सह्या आणि दोघांचं आधार लागतं. आणि एकदा घातलेलं नाव बदलायला लई त्रास असतो, तेव्हा इंग्रजी स्पेलिंग घरून कागदावर लिहून न्या. आम्ही नेलं नव्हतं. आधारवर ईश्वरी 'ई'नं सुरू होते, मी खिडकीवर 'आय' सांगून बसले. बरं, पाच वर्षांनंतर मुलांचं आधार तसंही बोटांचे ठसे देऊन अपडेट करावंच लागतं, त्याच वेळी दाखला दाखवून नाव जुळवून घेतलं.

आईच्या नावाचं मात्र अडलं. कारकून म्हणाले, नाव चुकीचं नाही, माहेरचं आहे. लग्नाचा दाखला जोडा म्हणजे शाळेला कळेल दोन्ही बाई एकच. लग्नाचा दाखला! सात वर्षं झाली लग्नाला, नोंद करायचं कुणाच्या डोक्यात आलं होतं? लग्नपत्रिका शोधली, ती मावशीकडं गणपतीच्या फोटोमागं सापडली. तीन साक्षीदार जमवले, लग्न लावलेल्या भटजींची सही आणली. साक्षीदारांपैकी एकाची पाळी सुटायची दुपारी तीनला आणि ऑफिसात काम आटपायचं साडेतीनला. शिरोलीहून त्याला गाडीवर आणताना नवऱ्याचा दंड होता होता राहिला. २७ डिसेंबरला दोन्ही दाखले हातात आले. सगळे मिळून सात हेलपाटे आणि सातशेच्या आसपास खर्च, झेरॉक्स आणि साक्षीदारांचा चहा धरून. नवऱ्याचे दोन खाडे वेगळे.

उत्पन्नाच्या दाखल्याची गोष्ट निराळी. ती कागदाची कमी, माणसाची जास्त.

अर्ज भरून देणाऱ्या माणसानं पेन हातात धरून विचारलं, "किती टाकू?" मी म्हटलं, जेवढं आहे तेवढं. नवऱ्याचं आणि माझं मिळून वर्षाचं एक लाख बत्तीस हजार होत होतं. तो हसला. "वैनी, नव्वद टाका. लाखाच्या आत आलं की आरटीई मिळंल, सगळी तेच करत्यात." खरं आहे, आरटीईला दुर्बल घटकातून जायचं तर वर्षाला एक लाखाच्या आत उत्पन्न लागतं. आणि बत्तीस हजार म्हणजे फार मोठी रक्कम नव्हे. महिन्याला पावणेतीन हजारांच्या आतच. तेवढ्यासाठी आम्ही सरकारच्या लेखी गरीब नाही, आणि सबंध फी भरायला शाळेच्या लेखी श्रीमंत नाही. असे मधल्यामध्ये लोंबकळणारे आमच्या गल्लीत घराघरात आहेत.

मी नव्वद लिहिलं नाही. सत्यवादी म्हणून नव्हे. मला भीती वाटली. उद्या कुणी नवऱ्याची पगाराची चिठ्ठी मागितली तर काय दाखवू?

त्याच माणसानं पाचशेचा स्टॅम्प पण आणायला सांगितला होता. शंभरचा स्टॅम्प बंद होऊन पाचशेचा झाला, हे तेव्हा नवीनच होतं. रांगेतल्या एका आजोबांनी सांगितलं, उत्पन्न, जात, रहिवासी अशा दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला स्टॅम्पची माफी आहे, साध्या कागदावर चालतं. चाललं. पाचशे वाचले. त्या आजोबांना मी नंतर शोधलं, दिसले नाहीत.

१६ जानेवारीला दाखला आला. मी तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवला आणि त्यावरची एक ओळ वाचली नाही. ती पुढं एप्रिलमध्ये वाचली.

फॉर्म दोनशे रुपयांचा. चार पानं, इंग्रजीत. एका रकान्यात 'आईवडिलांना येणाऱ्या भाषा' विचारल्या होत्या. मी मराठी, हिंदी लिहिलं, इंग्रजीपुढं पेन्सिलीनं 'थोडी' लिहिलं, मग खोडलं, मग परत लिहिलं. शेवटच्या पानावर धर्मशिक्षणाबद्दल होतं. तिथं आमच्या घरात दोन दिवस भांडण झालं.

आत्तींना शेजारणीनं भरवलं होतं की बाटवतील. त्या म्हणाल्या, "मी काय म्हणतो, अंबाबाईच्या गावात शाळा काय कमी हाईत?" मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन सरळ विचारून आले. धर्मशिक्षणाचा तास फक्त कॅथॉलिक मुलांना, बाकीच्यांना त्या वेळी मूल्यशिक्षण. सकाळची प्रार्थना सगळ्यांसोबत असते, तेव्हा हात जोडून उभं राहायचं. आणि मान्यताप्राप्त शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही, हे घटनेतच आहे, कलम २८. शंका असेल तर तुम्हीही असंच विचारा, कुणाला राग येत नाही. रोज येणारा प्रश्न आहे तो त्यांना. आत्तींना कलम सांगून पटणार नव्हतं. त्यांना दसरा चौक दाखवला. शाहू महाराजांनी मुस्लिम बोर्डिंग काढलं, ख्रिश्चन पोरांना वसतिगृह दिलं, महाराजांचं काय बिघडलं? महाराजांचं नाव काढल्यावर कोल्हापुरात वाद संपतो. आमच्यातही संपला.

नवरा त्यावरून एक बोलला ते लक्षात राहिलं. महाराजांनी १९१७ ला सक्तीच्या मोफत शिक्षणाचा कायदा केला, तेव्हा पोराला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड होता. तो म्हणाला, "तवा न पाठवल्याचा दंड हुता, आता पाठवल्याचा हाय."

८ फेब्रुवारीला, शनिवारी, मुलीला घेऊन बोलावलं. मुलाखत नव्हे, भेट म्हणायची. मी ईश्वरीला आठवडाभर रंग, फळं, आठवड्याचे वार इंग्रजीत घोकून घेतले होते. तिनं तिथं तोंड उघडलं नाही. टीचरनी कागद आणि खडू दिले, तिनं शिलाई मशीन काढलं आणि टीचरना मराठीत दम दिला, "सुईला हात लावायचा नाही." एवढंच. बाहेर आल्यावर मी तिला रागावले, त्याचं अजून वाईट वाटतं. घोकून घेऊ नका. त्यांना मूल बघायचं असतं.

त्यानंतर दीडेक आठवडा काही नाही. मग फोन आला की शनिवारी, २२ तारखेला, घर बघायला येणार. सवलतीचा अर्ज केलेल्यांच्या घरी सिस्टर स्वतः जातात.

आता इथं मी जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण लिहिते. शेजारीण म्हणाली, "सवलत मागतीयास न्हवं? मग टीव्ही झाक." फ्रीज आमच्याकडं नाहीच. टीव्ही मात्र आहे, हप्त्यावर घेतलेला, बत्तीस इंची. मी त्याच्यावर चादर टाकली. चादर आखूड पडली, म्हणून वर आत्तींचं लुगडं टाकलं.

सिस्टर आल्या मोपेडवर, मागं एक टीचर. पांढरी साडी, पायात साध्या चपला. गल्लीतली पोरं मागून आली. एकच खोली आमची, मधे पडदा. सिस्टर मशिनच्या स्टुलावर बसल्या, चहा घेतला, आणि टीव्हीकडं बघून म्हणाल्या, "टीव्ही बिघडलाय का?"

मला काहीच सुचेना. ईश्वरी म्हणाली, "नाही, आईनं झोपवलाय."

टीचर खिडकीबाहेर बघायला लागल्या. मी उठले आणि लुगडं काढलं. सिस्टर हसल्या नाहीत. म्हणाल्या, "असू दे हो. आमच्या घरीही पाहुणे आले की आई फाटकी गोधडी लपवायची. तुम्ही उलटं केलंत." त्या वसईच्या. वडील वाडीत केळी पिकवायचे. घरची बोली सामवेदी, मराठी शाळेत शिकल्या. उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले फादर दिब्रिटो त्यांच्याच भागातले, हे सांगताना त्यांचा चेहरा खुलला. कोल्हापूरच्या मराठीतलं एक त्यांना अजून पचत नव्हतं. "इथल्या बायका 'मी जातो, मी करतो' कशा म्हणतात? पहिल्या वर्षी मी दचकायचे." मी घाईघाईनं म्हटलं, "मी नाही म्हणत तसं." तेवढ्यात पडद्यामागून आत्ती म्हणाल्या, "अजून थोडा चहा टाकतो."

मग त्या हसल्या.

भिंतीवरची २०२१ च्या पाण्याची रेघ त्यांनी बघितली. पूर आल्यावर मुलगी कुठं असते, दप्तर कुठं ठेवणार, अभ्यास घ्यायला कोण, नवरा दारू पितो का, सगळं विचारलं. दारूचं नवऱ्यासमोरच विचारलं. तो म्हणाला, शिमग्याला. त्यांनी लिहून घेतलं. उत्पन्नाचं विचारलं तेव्हा मी एक लाख बत्तीस हजार सांगितलं, आणि नवऱ्याच्या पगाराच्या चिठ्ठ्या पुढं ठेवल्या. त्यांनी एक-एक बघितली. नव्वद लिहिलं असतं तर त्या स्टुलासमोर मी काय बोलले असते, याचा विचार आजही नको वाटतो.

१० मार्चला यादी लागली, नाव होतं. पेढे नाही वाटले, कारण पैशाचं अजून काहीच ठरलं नव्हतं. आणि इथं माझी एक तक्रार आहे. प्रवेशाचे पाच हजार ३१ मार्चच्या आत भरायचे, आणि सवलतीचा निर्णय एप्रिलमध्ये. म्हणजे सवलत मिळणार की नाही हे न कळता ज्याच्याकडं पाच हजार नाहीत त्यानंच ते आधी भरायचे. मी ऑफिसात तसं बोलून दाखवलं. मॅडम म्हणाल्या, नियम आहे. मी बचत गटातून पाच हजार उचलले, शेकडा दोन रुपये व्याजानं. ज्या घरात बचत गट नाही ते काय करत असतील?

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ऑफिसातून फोन. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपली. मी म्हटलं, जानेवारीतच काढलाय. "वाचा की ताई, खाली लिहिलंय." माळ्यावरून पिशवी काढली. 'हे प्रमाणपत्र ३१ मार्च २०२५ पर्यंत वैध.' वर्षाचा दाखला कधीही काढा, मुदत आर्थिक वर्षाबरोबर संपते. हे ज्याला माहीत आहे त्याला फार साधं वाटतं. परत अर्ज, परत पंधरा दिवस. तोच माणूस, तेच पेन. या वेळी त्यानं किती टाकू विचारलं नाही.

नवा दाखला १७ एप्रिलला, गुरुवारी मिळाला. १८ ला गुड फ्रायडे, रविवारी ईस्टर, सोमवारी शाळेला सुटी. मंगळवारी २२ ला पोचले तर ऑफिसात पोप फ्रान्सिस यांचा फोटो, हार, मेणबत्ती. ते आदल्या दिवशी वारले होते. देशातही दुखवटा होता. सिस्टरांचे डोळे लाल. मी दाखला पुढं करायची हिंमतच केली नाही, नमस्कार करून परत फिरले. फाटकापाशी त्यांनी हाक मारून सांगितलं, "सोमवारी या. विसरलेली नाही मी."

सोमवारी, २८ एप्रिलला, दोघांना आत बोलावलं. वर्षाची फी २६ हजार. निम्मी माफ. उरलेले तेरा हजार दहा हप्त्यांत, महिना तेराशे. माफ झालेली रक्कम संस्थेच्या निधीतून आणि माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून भरली जाते, असं सांगितलं. अटी तीन. पालकसभा चुकवायची नाही, हजेरी मोडायची नाही, आणि घरी इंग्रजी येणारं कुणी नसल्यानं मुलीनं आठवड्यातले चार दिवस शाळा सुटल्यावर तासभर अभ्यासवर्गाला बसायचं. हा वर्ग फुकट असतो. सवलत एका वर्षापुरती, दरवर्षी नव्यानं अर्ज. आणि कुठल्या मुलाला सवलत आहे हे वर्गातल्या टीचरलाही सांगत नाहीत. हे शेवटचं ऐकून नवऱ्यानं पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली.

मे महिना गणवेशात गेला. दुकानात तयार जोड साडेआठशेचा. मी विचारलं, कापड तेच घेऊन घरी शिवला तर चालेल का? चालेल म्हणाल्या, पण घडी आणि रंग तंतोतंत. दोन जोड मिळून सातशे चाळीसात बसले. स्कर्टची उंची दोन बोटं जास्त ठेवून आत दुमडली आहे, दोन वर्षं चालेल. बूट-मोजे, पट्टा, टाय मिळून नऊशे. पुस्तकं-वह्या तीन हजार दोनशे. जुनी पुस्तकं मिळतात का म्हणून आधीच्या वर्षीच्या पालकांना मार्चमध्येच विचारा. मी मेमध्ये विचारलं तोवर संपलेली.

१६ जूनला शाळा सुरू झाली. पाऊस होता. फाटकात रिक्षा, मोपेड, दोन-तीन मोटारी, आणि माझ्यासारख्या चालत आलेल्या बऱ्याच. ती चनिया-चोळीवाली बाई पण भेटली, मुलगा आता चौथीत. ईश्वरी रडली नाही, मीच फाटकाच्या गजाला धरून उभी. वॉचमनकाका म्हणाले, "जावा ताई, हितं कोण पळवून न्हेत न्हाई."

पहिले दोन महिने सोपे नव्हते. ती वर्गात काही न कळता बसून यायची. ऑगस्टात एकदा म्हणाली, मला अंगणवाडीतच जायचंय. अभ्यासवर्गातल्या टीचरनी सांगितलं, दिवाळीपर्यंत वाट बघा, वस्तीतली बहुतेक पोरं दिवाळीनंतर बोलायला लागतात. अजून दिवाळी यायची आहे. सध्या ती मला 'निडल' म्हणजे सुई आणि 'थ्रेड' म्हणजे दोरा शिकवते. जेवायच्या आधी छातीवर क्रूस करून मग अंबाबाईला हात जोडते. पहिल्यांदा केलं तेव्हा आत्तींचा घास हातातच राहिला. आता त्याच विचारतात, "झालं का गं तुझ्या दोन्ही देवांचं?"

बचत गटाचे पाच हजार सप्टेंबरात फिटले. सगळी कागदपत्रं आता माळ्यावर, रेघेच्या वर, दोन पिशव्यांत, आणि प्रत्येकाचा फोटो मोबाईलमध्ये. पुढच्या उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज मी एक एप्रिललाच टाकणार आहे.

आणि त्या तिघींपैकी जिनं नव्वद हजारांचा दाखला आधीच काढून ठेवलाय, तिला एवढंच सांगितलं की सिस्टर घरी येतात.

फॉर्मची तारीख लागली की कळवते. त्या दिवशी सकाळी साडेआठला दसरा चौकात थांबा. ऑफिस नऊला उघडतं. मी येतो सोबत.